दम्यानं धापा टाकणाऱ्या पोराला दोघांनी चिडवलं, अन् अमेरिकेला एक दणकट राष्ट्राध्यक्ष मिळाला

गोष्ट आहे १८७२ च्या उन्हाळ्यातली. अमेरिकेच्या मेन राज्यात मूसहेड नावाचं मोठं तळं आहे. तिकडं निघालेल्या घोडागाडीत तेरा वर्षांचा एक मुलगा एकटाच बसला होता. अंगानं किडकिडीत, पाय काडीसारखे. दम्याचा जोरदार झटका येऊन गेला होता, म्हणून घरच्यांनी हवापालटासाठी पाठवलेलं.

त्याच गाडीत साधारण त्याच्याच वयाची दोन पोरं होती. पोरं काही गुंड नव्हती, पण हे सावज सोपं आहे हे त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि सगळ्या वाटेत त्याची टर उडवली. शेवटी मुलाचा संयम सुटला आणि तो त्यांच्या अंगावर धावून गेला. पुढं जे झालं ते मार खाण्यापेक्षा वाईट होतं. दोघांपैकी कुणीही एकटा त्याला आरामात आवरू शकत होता. त्यांनी त्याला फार लागू दिलं नाही, पण त्यालाही त्यांना लागेल असं काही करू दिलं नाही. लहान भावाला एका हातानं लांब धरून ठेवावं तसा सगळा प्रकार.

त्या मुलाचं नाव थिओडोर रूझवेल्ट. पुढं अमेरिकेचा २६ वा राष्ट्राध्यक्ष झालेला, ज्याच्या नावावरून लहान पोरांच्या अस्वलाला टेडी बेअर म्हणतात, तोच हा माणूस. मुक्केबाजी, ज्युजुत्सू, घोडदौड, पोहणं, गिर्यारोहण, शिकार यातलं काहीच त्यानं सोडलं नाही. त्याच्याबद्दल बोलताना लोक जिद्द, शिस्त, इच्छाशक्ती असे जाडजूड शब्द वापरतात. पण त्याचं आयुष्य जवळून पाहिलं की वेगळंच काहीतरी दिसतं. हा माणूस व्यायामाला प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या भावनेच्या धक्क्यानं उठला. कधी वडिलांवरचं प्रेम, कधी शरम, कधी भीती, कधी दुःख. आणि पुष्कळदा निव्वळ मजा.

सुरुवात घरापासून करू.

थिओडोरचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ चा, न्यूयॉर्कमधला. घर पैसेवाल्यांचं. काचेच्या व्यापारात बस्तान बसलेलं, वडील शहरातले नावाजलेले दानशूर. पण पोराला दमा. त्या काळात दम्यावर धड औषध नव्हतं. डॉक्टर सांगतील ते उपाय चालायचे, त्यात लहान मुलाला कडक कॉफी पाजणं आणि सिगार ओढायला लावणं हेही आलं. रात्री श्वास अडकला की वडील त्याला उचलून खोलीत येरझाऱ्या घालायचे. कधीकधी तर मध्यरात्री घोडागाडी जुंपून, पोराला शेजारी बसवून वेगात फिरवायचे, म्हणजे वारा तोंडावर येऊन छातीत हवा जाईल.

ज्या माणसानं असं रात्र रात्र जागून आपल्याला श्वास मिळवून दिला, त्याच्याबद्दल पोराला काय वाटत असेल याची कल्पना करता येते. थिओडोरनं वडिलांवर जितकं प्रेम केलं तितकं क्वचितच कुणावर केलं. आणि भीतीही फक्त त्यांचीच वाटायची, हे त्यानं मोठेपणी स्वतः मान्य केलं.

तो बारा वर्षांचा व्हायला आला तेव्हा वडिलांनी त्याला समोर बसवलं. डोकं तर तल्लख आहे, पण शरीराची साथ नसेल तर डोकं फार लांब जाणार नाही, तेव्हा शरीर तुलाच घडवावं लागेल, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. पोरानं तिथल्या तिथं शब्द दिला. मग आई त्याला रोज वुड नावाच्या माणसाच्या व्यायामशाळेत घेऊन जाऊ लागली. नंतर घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मोकळ्या सज्जातच डंबेल्स, बार असं सगळं साहित्य आलं. त्याची धाकटी बहीण कॉरिन हिला आठवायचं ते त्या सज्जात बारला लोंबकळणारा भाऊच.

म्हणजे व्यायाम सुरू झाला होता. मग दोन वर्षांनी मूसहेडच्या गाडीत असं का झालं?

कारण साधं होतं. बारला लोंबकळून छाती थोडी रुंद झाली असेल, पण तो व्यायाम वडिलांना दिलेल्या शब्दाखातर चालला होता. कर्तव्य म्हणून. त्यात आपल्याला काही जमतंय, आपण कुणाच्या तरी बरोबरीला आलोय, असा अनुभव कुठंच नव्हता. घोडागाडीतल्या त्या प्रसंगानं एक गोष्ट उघडी पाडली की स्वतःचं रक्षण करायची वेळ आली तर आपण शून्य आहोत. ती शरम त्याला आयुष्यभर विसरता आली नाही. चाळीस वर्षांनी आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हाही त्यानं हा प्रसंग वगळला नाही.

घरी परतल्यावर त्यानं वडिलांच्या परवानगीनं मुक्केबाजी शिकायचं ठरवलं. वस्ताद मिळाला जॉन लाँग, पूर्वी पैशासाठी लढणारा मुक्केबाज. त्याच्या खोल्यांच्या भिंतींवर जुन्या गाजलेल्या लढतींची चित्रं टांगलेली असायची.

आता सिनेमा असता तर इथं एक गाणं लागलं असतं आणि गाणं संपेपर्यंत हिरो तयार झाला असता. प्रत्यक्षात थिओडोर अतिशय ढ विद्यार्थी निघाला. हात एकीकडं, पाय दुसरीकडं. डोळे अधू, चष्मा नुकताच लागलेला. दिसण्याजोगी सुधारणा व्हायला दोन-तीन वर्षं गेली.

शरमेची एक गंमत असते. ती माणसाला पहिल्या दिवशी आखाड्यात नेऊन सोडते, पण दोनशेव्या दिवशी तीच शरम त्याला घरी बसवते. नवीन वर्षात जिमची फी भरून फेब्रुवारीत गायब होणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आरशासमोर आपल्या पोटाची लाज वाटली म्हणून गेलो, तिथं सगळीकडं आरसेच, शेजारी आपल्या दुप्पट वजन उचलणारा गडी, लाज कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मग उद्या जाऊ म्हणत जाणंच थांबतं. व्यायामाचे फायदे माहीत नाहीत असा माणूस आज सापडणं अवघड आहे, तरी बहुतेक जण करत नाहीत. व्यायामाच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणारे आता हेच सांगतात, की फायद्यांच्या माहितीवर फारसं अडत नाही. व्यायाम करताना आणि केल्यावर कसं वाटलं, त्यावर माणूस उद्या परत येणार का नाही हे बरंच ठरतं. शाळेत पीटीच्या तासाला ज्याचं हसं झालं, तो चाळिशीतही मैदानाच्या कडेकडेनं चालतो ते उगाच नाही.

मग थिओडोर का टिकला? एक कारण फार किरकोळ वाटेल असं आहे. कथलाच्या पेल्याएवढं किरकोळ.

जॉन लाँगनं आपल्या शिष्यांमध्ये वजनगटाप्रमाणं छोट्या लढती ठेवल्या होत्या. बक्षीस म्हणून साध्या मिश्रधातूचे पेले, किंमत जेमतेम अर्धा डॉलर. हलक्या वजनाच्या गटात थिओडोरचं नाव घालताना कुणालाच, अगदी त्याला स्वतःलाही, काही अपेक्षा नव्हती. पण नशिबानं समोर आलेले दोघं-तिघं त्याच्याहूनही मरतुकडे निघाले. गडी जिंकला. तो पेला त्यानं जपून ठेवला आणि कित्येक वर्षं त्याबद्दल लोकांना ऐकवत राहिला.

शरमेनं त्याला दारात आणून सोडलं होतं, पण आपल्याला हे जमू शकतं ही पहिली खुशी त्या पेल्यानं दिली. वस्तादानं मुद्दाम त्याच्या ताकदीचे प्रतिस्पर्धी निवडले असतील तर तो वस्ताद मोठाच म्हणायचा.

इथं त्याचा धाकटा भाऊ एलियट याची आठवण काढायला हवी. घर तेच, वडील तेच. पण एलियट अंगानं धट्टाकट्टा, खेळात तरबेज, दिसायला राजबिंडा. लहानपणी थोरल्याची पाठराखण धाकटा करायचा. १८८१ च्या सुमारास तो भारतात शिकारीसाठी येऊन गेला, हैदराबादकडं वाघाच्या मागावर फिरला. ज्याला शरीर आयतं मिळालं होतं तो हा भाऊ पुढं दारूत बुडाला आणि १८९४ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्याची मुलगी एलिनॉर पुढं जगप्रसिद्ध झाली. दोन भावांच्या या गोष्टीतून लगेच नियम काढायची घाई करू नये, व्यसनाला शंभर कारणं असतात. पण कोवळ्या वयात अंगानं मजबूत असणं एवढ्यानं माणूस सावरत नाही, हे त्या घरानं पाहिलं.

१८७६ मध्ये थिओडोर हार्वर्डला गेला. तिथंही मुक्केबाजी चालूच. मार भरपूर खाल्ला, मोठी स्पर्धा काही जिंकली नाही. १८७९ मध्ये हलक्या वजनाच्या गटात त्याची हार झाली.

पण त्याआधीच सगळ्यात मोठा घाव बसला होता. ९ फेब्रुवारी १८७८ रोजी वडील गेले. पोटाचा कॅन्सर, वय फक्त ४६. तार मिळताच तो निघाला, पण पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या उन्हाळ्यात हा एकोणीस वर्षांचा पोरगा ऑयस्टर बे इथल्या घरी होता, आणि त्याच्या व्यायामात एक वेगळाच रंग दिसू लागला. तासन्‌तास एकट्यानं होडी वल्हवायची. घोडा इतका पळवायचा की जनावर खचून जावं. एकदा शेजाऱ्याचा कुत्रा रपेटीच्या आड आला तर त्याला गोळी घातली, असं चरित्रकार नोंदवतात. ही जिद्द नव्हे. दुःख आणि राग अंगातून बाहेर काढायला वाट सापडत नव्हती, ती त्यानं वल्ह्यातून आणि खोगिरातून काढली. ज्यांनी घरातलं माणूस गेल्यावर कुणाशी न बोलता मैलोन्‌मैल चालून काढलेत, त्यांना हे समजेल.

१८८० मध्ये हार्वर्ड सोडताना आणखी एक गोष्ट घडली. विद्यापीठाचे डॉक्टर डडली सार्जंट यांनी त्याला तपासलं आणि हृदय कमकुवत असल्याचं सांगितलं. बैठं काम कर, जोराचा व्यायाम नको, जिनासुद्धा पळत चढू नकोस. त्यानं ऐकून घेतलं आणि यातलं काहीही पाळणार नाही असं डॉक्टरांना तोंडावर सांगून बाहेर पडला. ही गोष्ट त्यानं वर्षानुवर्षं कुणाला कळू दिली नाही. त्याच साली ऑक्टोबरमध्ये ॲलिस ली हिच्याशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी मधुचंद्राच्या सफरीत स्वित्झर्लंडचं मॅटरहॉर्न शिखर चढून आला. कारण काय? तर हॉटेलात उतरलेले इंग्रज गिर्यारोहक ते शिखर चढून आल्याचा तोरा मिरवत होते, अमेरिकन माणसालाही ते जमतं हे त्यांना दाखवायचं होतं.

डॉक्टरांचा सल्ला धुडकावणं ही कौतुकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्याचं नशीब बलवत्तर होतं एवढंच. दुसऱ्या कुणी हे करून पाहू नये.

मग आली १४ फेब्रुवारी १८८४. न्यूयॉर्कच्या एकाच घरात, काही तासांच्या अंतरानं, त्याची आई आणि बायको दोघी गेल्या. आईला टायफॉइड, बायकोला मूत्रपिंडाचा विकार. दोन दिवसांपूर्वीच मुलगी जन्मली होती. रूझवेल्ट तेव्हा २५ वर्षांचा होता. रोजनिशीत त्या तारखेच्या पानावर त्यानं एक मोठी फुली काढली.

दोन दिवसांच्या लेकीला थोरल्या बहिणीकडं सोपवून काही महिन्यांत तो पश्चिमेकडच्या डाकोटा प्रदेशात निघून गेला. तिथल्या उजाड टेकड्यांमध्ये त्यानं आदल्या वर्षीच गुरांच्या धंद्यात पैसे घातले होते. आता तो स्वतः गुराखी झाला. पहाटे अंधारात खोगिरावर चढायचं ते रात्री उतरायचं. १८८५ मध्ये गुरं उधळली त्या वेळी जवळपास चाळीस तास घोड्यावर होता, पाच घोडे बदलले. चष्मा बघून सुरुवातीला तिथल्या लोकांनी भरपूर चेष्टा केली. मिंगसव्हिल गावच्या हॉटेलात एका पिस्तूलवाल्या दारुड्यानं चार डोळ्यांचा म्हणून खिजवलं, तेव्हा रूझवेल्टनं त्याला तीन ठोसे देऊन आडवा केला. जॉन लाँगच्या शिकवणीचा हप्ता असा वसूल झाला.

डाकोटात त्याचं शरीर खऱ्या अर्थानं भरलं. खांदे रुंद झाले, छाती भरली, दमाही बराच मागं पडला. परत आल्यावर ओळखीचे लोक चकित व्हायचे. पण याची दुसरी बाजूही आहे. पहिल्या बायकोचं नाव त्यानं त्यानंतर जवळजवळ कधीच उच्चारलं नाही. आत्मचरित्रात तिचा उल्लेखसुद्धा नाही. त्या मुलीला आईचंच नाव दिलं होतं, ॲलिस, पण तिच्या आईबद्दल बापलेकीत बोलणं होत नसे. खोगिरावर असेपर्यंत डोक्यात दुसरं काही येत नाही, हे खरं. व्यायामानं मन हलकं होतं हेही खरं. पण घोडा कितीही पळवला तरी ते दुःख बोलून मोकळं झालं नाही, आणि त्याची किंमत त्या लेकीनं मोजली.

भीतीचंही तसंच. हा माणूस जन्मतः धाडसी नव्हता. रानटी घोडे, अस्वलं, बंदूकधारी माणसं, सगळ्यांची त्याला भीती वाटायची आणि हे त्यानं लपवलं नाही. लहानपणी वाचलेल्या मॅरियट या लेखकाच्या एका सागरी कादंबरीतून त्यानं युक्ती उचलली होती. भीती गेल्यावर काम करायचं असं नाही, भीती नसल्यासारखं वागत काम करायचं, मग कधीतरी ती खरंच जाते. रोज सकाळी मूड यायची वाट बघणाऱ्यांना ही युक्ती वापरून बघायला हरकत नाही.

१९०१ मध्ये मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि ४२ व्या वर्षी रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाला. त्या पदावर त्याच्याहून तरुण माणूस आजवर आलेला नाही. आता त्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. तरी व्यायाम थांबला नाही, उलट तो मोकळा झाला. व्हाइट हाउसमध्ये मुक्केबाजी चालायची. १९०४ मध्ये यामाशिता योशिआकी या जपानी उस्तादाकडून तो ज्युजुत्सू शिकला. सराव करताना एका तरुण लष्करी अधिकाऱ्याचा ठोसा लागून डाव्या डोळ्याची नजर गेली. त्या अधिकाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बाहेर बोलला नाही, कित्येक वर्षांनी हे लोकांना कळलं. मुक्केबाजी मात्र सोडावी लागली.

त्याच्या फिरायला जाण्याची तर मंत्री आणि परदेशी राजदूत धास्ती घ्यायचे. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक भागात एक टोक ठरवायचं आणि सरळ रेषेत निघायचं. वाटेत खडक आला तर चढायचा, ओढा आला तर पोहायचा, वळसा घालायचा नाही. एकदा पोटोमॅक नदी आली तेव्हा सगळ्यांनी कपडे उतरवून पोहायचं ठरवलं. फ्रान्सचे राजदूत ज्युसराँ यांनी बाकी सगळं उतरवलं, पण हातमोजे तेवढे घातलेलेच ठेवले. का, असं विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की वाटेत स्त्रिया भेटल्या तर कसं दिसेल?

हसणं, सोबत, थट्टामस्करी. तेराव्या वर्षी शरमेनं ओढत नेलेलं पोरगं पंचेचाळिशीत पोरांसारखं खेळत होतं. आणि एक गैरसमज इथंच दूर करायला हवा. एवढं सगळं करून हा माणूस बारीक नव्हता. जेवण दणकून असायचं, वजन ९० किलोच्या पुढं गेलेलं. व्यायामातून वजनाचा काटा हलतोय का, हा त्याचा प्रश्नच नव्हता. काट्याकडं बघत बसला असता तर केव्हाच कंटाळला असता.

लष्करातले अधिकारी खुर्चीत बसून सुटलेत असं दिसल्यावर त्यानं हुकूम काढला, तीन दिवसांत घोड्यावर शंभर मैलांच्या आसपास अंतर कापून दाखवा. कुरकूर सुरू झाली. १३ जानेवारी १९०९ रोजी, वयाच्या पन्नाशीत, तो पहाटे पावणेचारच्या सुमारास निघाला, व्हर्जिनियातल्या वॉरेंटनला जाऊन रात्री परत आला. ९८ मैल, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटर, एका दिवसात. परतीच्या वाटेवर बर्फमिश्रित पाऊस तोंडावर झोडपत होता. कुरकूर थांबली.

पण जुनी सवय शेवटपर्यंत गेली नाही. १९१२ ची निवडणूक तो हरला. प्रचारात छातीत गोळी लागली होती ती शेवटपर्यंत तशीच राहिली. हरल्याचं दुःख झालं की हा माणूस काय करणार हे आता सांगायची गरज नाही. ५५ व्या वर्षी तो ब्राझीलच्या जंगलात, नकाशावर नसलेली नदी शोधायला कँडिडो रोंडोन यांच्यासोबत गेला. होड्या वाचवताना पाय चिरला, जखम चिघळली, मलेरिया झाला. मला इथंच सोडून पुढं जा, असं सांगण्यापर्यंत पाळी आली. मुलगा केर्मिट सोबत होता, त्यानं ऐकलं नाही. १९१४ मध्ये परतला तेव्हा वजन वीस किलोहून जास्त उतरलं होतं. नदीला त्याचं नाव मिळालं, पण शरीर पूर्वीसारखं कधीच झालं नाही.

१४ जुलै १९१८ रोजी त्याचा धाकटा मुलगा क्वेंटिन पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या आकाशात विमान पाडलं जाऊन मारला गेला. वय वीस. वडील गेले तेव्हा होडी होती, बायको गेली तेव्हा डाकोटाचे घोडे होते. या वेळी सांधे आखडलेले, ताप वरचेवर उलटणारा. ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबलं त्याच दिवशी, त्याला हॉस्पिटलात दाखल केलं. नाताळला घरी सोडलं. ६ जानेवारी १९१९ च्या पहाटे, साठाव्या वर्षी, थिओडोर रूझवेल्ट ऑयस्टर बेच्या घरी झोपेतच गेला.